ओसरीवरची गेरूची ओळ

परवा शेजारच्यांनी गोठ्यासाठी चुना भिजवला. तो उग्र, ओला वास नाकात गेला आणि मी पन्नास वर्षं मागे, हिंगणघाटच्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचले.

नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराने आमच्या ओसरीच्या भिंतीवर गेरूनं लिहून ठेवलं होतं, 'घरोघरी नळ'. ते निवडून आले, मेंबर झाले. नळ काही आला नाही.

त्या दिवाळीत आईनं सगळ्या भिंतीला चुना मारला, तेवढी ओळ सोडून. पांढऱ्यावर ती लाल अक्षरं आणखीच उठून दिसायला लागली. मैत्रिणी विचारतील म्हणून मला लाज वाटत होती.

मेंबर रोज आमच्याच गल्लीतून जात. आई चुन्याचा शेवटचा हात मारत होती, त्या दिवशी ते थांबले. टोपी सारखी करत म्हणाले, "वहिनी, तेवढंच काऊन ठेवलं? पुसून टाका नं."

आईचा हात थांबला नाही. "पुसतो नं, भाऊ. नळ येऊ द्या, त्याच पाण्यानं पुसतो."

दोन वर्षांनी नळ आला. पहिली बादली देवापुढे ठेव, असं बाबा म्हणत होते. आईनं ती उचलून सरळ ओसरीवर नेली. लाल पाणी पायऱ्यांवरून ओघळत गल्लीत गेलं.

काल प्रचाराची गाडी चोवीस तास पाण्याचं ओरडत दारावरून गेली. आई असती, तर तिनं गाडी थांबवून आधी भिंतीवर लिहून घेतलं असतं.