न पळणारा मेंढा

बर्मिंगहॅमपासून गाडीने तासाभरावर आम्ही एका शेतालगतचं घर भाड्याने घेतलं होतं. शेजारचा म्हातारा शेतकरी रानमेंढ्यांचा पाळीव मेंढ्यांशी संकर करायचा. रानटी बापाकडून वळणदार शिंगं यायची, पाळीव आईकडून थोराड अंग. शिंगांचा वेढा पूर्ण झाला की नर एका खाजगी इस्टेटीवर जात. तिथे पाहुणे त्यांची शिकार करत. सगळं कायद्याला धरून होतं. शेतकऱ्याचा एकच नियम होता: नरांना कुणी लळा लावायचा नाही.

तो मोडला त्यानेच. आई मेलेलं एक नर कोकरू त्याने स्वयंपाकघरात बाटलीवर वाढवलं. त्याच उन्हाळ्यात माझी आई नागपूरहून आली आणि कुंपणातून त्याला शिळी पोळी देऊ लागली, घरी गाईला द्यायची तशी.

"घरातलं अन्न जनावरांना द्यायला इथे बंदी आहे," शेतकरी मला म्हणाला. "आईंना सांगा. दंड मला होईल."

"मग काय चालेल, विचार त्यांना," आई म्हणाली.

गवत चालत होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आली की ती रोज सकाळी हाताने गवत उपटून त्याला भरवायची.

यंदा त्याची शिंगं भरली. "ह्यालाही देणार का ते?" आईने मला विचारायला लावलं.

"करार सगळ्या नरांचा आहे," शेतकरी म्हणाला आणि बुटांचा चिखल खरवडत बसला.

इस्टेटीचा माणूस नर बघायला आला. गाडीच्या आवाजाने बाकीचे टेकडीवर पळाले. हा मात्र कुंपणाशी आला आणि त्याने त्या माणसाच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं.

"पाहुण्यांना काय सांगू? तुमचं सँडविच खाईल त्याला गोळी घाला?"

"शिंगं तर बघा," शेतकरी म्हणाला.

"शिंगं झकास आहेत. पण हा पळत नाही. ठेवा तुमच्याकडेच."

"आता जन्मभर फुकट खाणार," शेतकरी पुटपुटला. त्याचा हात मेंढ्याच्या मानेवर होता.

"काय म्हणाला रे तो गाडीवाला?" आईने विचारलं.

"हा मेंढा नको म्हणाला."

"आणि वरचे?"

"ते हवेत. ते पळाले ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गवताची मूठ घेऊन वरच्या कुंपणाशी गेली. शेतकऱ्याने अंगणातून पाहिलं, पण लळा न लावण्याच्या नियमाची आठवण करून दिली नाही. तिची चाहूल लागताच नर लांब पळाले. ती हात पुढे करून तिथेच उभी राहिली.