वच्छलाबाईची खुर्ची

“बाजारात खुर्ची? माय, तू भाजीवाली हायस का कलेक्टर?”

“कलेक्टरचा खुबा मोडला तं तोबी खालीच बसन काय रे?”

“लोक हासतीन!”

“हासू दे. हासत हासत मेथी तं घेतीन.”

देवानंदनं कपाळाला हात लावला. पोळ्याच्या आधी माय मोरीत घसरली आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. अकोल्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली. घरी आणल्यापासून लेकानं तिला बाजेवरून पाय खाली टेकू दिला नव्हता. चहा बाजेवर, जेवण बाजेवर. गल्लीतले म्हणायचे, लेक असावा तर असा. ते ऐकून तो आणखी एक उशी आणायचा.

बार्शीटाकळीच्या आठवडी बाजारात सासूनं पोतं अंथरून दाखवलेली जागा वच्छलाबाईनं जन्मभर सोडली नव्हती. नवरा भगवंत गेला, त्याची तेरवी झाली, आणि पुढच्याच बाजाराला ती मेथीच्या जुड्या मांडून तिथं उकिडवी बसली. त्या ओळीत सगळ्या बाया जमिनीवरच. खुर्ची फक्त व्यापाऱ्याला.

आणि अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं उकिडवं बसणंच बंद केलं होतं. “खुर्चीवर बसा मावशी, पण चाला!” खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुढं कशी जगतात, यावर या भावना मॅडमचा अभ्यास चालू होता. त्यांचा अधूनमधून फोन यायचा. देवानंद अभिमानानं सांगायचा, “एकदम आराम हाय मॅडम. उठूच देत नाई.”

दिवाळीनंतरचा फोन सुनेनं, मोनालीनं, स्पीकरवर टाकला.

“दादा, आमच्या अभ्यासात अंथरुणावर राहिलेली माणसंच लवकर गेली. त्यांना चालवा.”

देवानंदनं मॅडमला वेड्यात काढलं. पण तो मळ्यात गेला की सासू-सुना वॉकर घेऊन ओसरीत चालू लागल्या. पहिल्या दिवशी दारही गाठता आलं नाही. पाय थरथरले की वच्छलाबाई पायालाच शिव्या घालायची, “मेल्या, आयतं खाऊन माजला काय?”

महिन्याभरात दार गाठलं, आणि आज बाजार. दारात ऑटो उभा, जुड्या भरलेल्या.

“आन् जागा?” देवानंद खाली बघत म्हणाला. “ते मी शेजारच्या किशोरच्या बायकोले देल्ली. तिनं पोतं अंथरलंबी असन.”

“कोणाले इचारून?”

“तू उठशीन असं वाटलंच नाई मले.”

मग वच्छलाबाई म्हणाली, “म्हून उशा आणून राहिला होता काय?”

“माय, तसं नाई... पुन्हा पडली तं? पुन्हा मोडलं तं मी काय करू, सांग!”

वच्छलाबाईनं वॉकर उचलून उंबऱ्यापलीकडं ठेवला. आधी सळईचा पाय, मग चांगला. मोनालीनं नवऱ्याकडं न बघता प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली.

“माय, बोल ना काई तरी!”

टक्... टक्... वॉकर अंगण ओलांडून ऑटोकडं निघाला होता.