दोन छटा उजळ

आखातात, अब्बासियाच्या त्या बिल्डिंगमध्ये मी स्वतःला चित्रकार समजत असे. चाळिशीतली बाई, चित्रकलेच्या शालेय परीक्षा पास, आणि तोरा असा की विचारू नका. ओळखीच्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलींची चित्रं मी काढली, आणि एकीलाही तिच्या रंगाची ठेवली नाही. "वहिनी, जरा उजळ काढा हं," असं आया सांगत. नाही सांगितलं तरी मी काढतच असे.

वरच्या मजल्यावर केनियाची एक बाई राहायची. आमच्याच शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी बालवर्ग. एकमेकींना आम्ही 'टीचर'च म्हणायचो. शुक्रवारी तिच्याकडे तिच्या देशाच्या बायका यायच्या, लोकांच्या घरी कामाला असलेल्या. आठवडाभर ज्यांना कोणी 'बस' म्हणत नसे, त्यांना ती घरातल्या एकुलत्या एका हातांच्या खुर्चीत बसवायची आणि भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवायची. काळा रंग ती नळीतून घेत नसे. तपकिरीत निळा, त्यात किरमिजी, गालाच्या हाडावर चक्क जांभळा.

"काळी म्हणतात आम्हाला," ती म्हणायची. "किती रंगांची काळी, ते कोणी बघितलंय?"

चित्र झालं की खुर्चीतली बाई स्वतःसमोर उभी राहायची आणि जाताना जिना वेगळ्याच चालीने उतरायची. हे सगळं मी दारातून बघायचे. बघायचे म्हणजे काय, डोळे उघडे असायचे एवढंच.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "टीचर, आज मी बसते. तू काढ."

मी जीव ओतला. प्रेमाने पांढरा मिसळला, प्रेमाने पिवळा. न मागता नाकही सरळ करून दिलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "सुंदर आहे बाई. कोण ही?"

मी हसले.

"तिला सांग टीचर, माझ्या खुर्चीवरून ऊठ."

"अगं, तुला छान केलंय मी!"

"बसले तेव्हा मी छानच होते."

रागावली मात्र नाही. उलट म्हणाली, "आता तू बस. तुझा खरा रंग मी काढते."

माझा खरा रंग! लग्नासाठी पाठवलेल्या फोटोत ज्याच्यावर अर्धा डबा पावडर थापली होती, तो? "पुढच्या शुक्रवारी," मी म्हटलं. मग पाहुणे आले. मग धुळीचं वादळ. मग गुडघा दुखला. तेव्हा तो ठणठणीत होता, आता सूड उगवतोय. तिचं कंत्राट संपलं. ती गेली त्या दिवशी मी हळदीकुंकवाला मिरवत होते. परतले तर दाराशी ती खुर्ची.

आता इथेच मुलाकडे, बनेद अल-गारला असते. गेल्या महिन्यात कपाटामागून तिचं ते चित्र काढलं. म्हटलं, दुरुस्त करू. निळा कालवला, किरमिजी कालवला. जमेना. तिचा रंग आठवतच नाही. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

परवा आठ वर्षांच्या नातीने मला त्याच खुर्चीत बसवलं. पोरगी माझ्यावर गेलीय, रंगानेसुद्धा. "आजी, डोन्ट मूव्ह." तिने तपकिरी खडू उचलला आणि चांगला दाबून फिरवायला लागली.

"जरा उज..." माझ्या तोंडून निघालंच.

"व्हॉट, आजी?"

"काही नाही गं. काढ."

आणि हललेही नाही. एवढंच त्या शुक्रवारी करायचं होतं.