तिसरा कागद

शैलाकाकू गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा ऑफ केला आणि तशीच बसून राहिले... आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, काकू किती शांत होत्या! साफ खोटं. काकू भांडखोर होत्या आणि म्हणूनच मला आवडायच्या.

अमेरिकेत, पार्सिपनी गावात आम्ही शेजारी. पॅथॉलॉजिस्ट म्हणून जन्मभर मायक्रोस्कोपमध्ये डोळे घातल्यावर निवृत्तीनंतर त्यांना जपानी युद्धचित्रांचं वेड लागलं. लाकडी ठशांवरून छापलेली, शंभराहून जास्त वर्षं जुनी चित्रं. त्यातलं एक तीन कागद शेजारीशेजारी ठेवले की पूर्ण व्हायचं. पहिल्यावर दिमाखदार जपानी युद्धनौका, दुसऱ्यावर तोफांचा धूर, तिसऱ्यावर विदूषकासारखे चेहरे काढलेले, बुडणारे चिनी खलाशी. गावातल्या लायब्ररीनं प्रदर्शन ठरवलं, पण तिसरा कागद नको म्हणाले, लोक अपसेट होतील. काकूंची तेव्हा केमो चालू होती. डोक्यावरची लोकरी टोपी सावरत त्या म्हणाल्या, "तिन्ही लावा, नाहीतर एकही नको. बुडणारी माणसं काढून टाकली की उरते ती नुसती जाहिरात."

लायब्ररीनं प्रदर्शन कॅन्सल केलं. पुढच्याच शनिवारी काकूंनी ते स्वतःच्या गॅरेजमध्ये भरवलं. पंधरा-वीस जण आले. समोरच्या घरातल्या मिसेस लिन तिसऱ्या कागदापाशी थबकल्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आमच्या लोकांना हसायला काढलंय हे. तुम्ही घरात का ठेवलंत?"

काकू खुर्चीतून कष्टानं उठल्या.

"हसायलाच काढलंय. म्हणून तर न हसता बघणारं कुणीतरी हवं."

मिसेस लिन निघून गेल्या. काकू मटकन खाली बसल्या, पण चित्र उतरवू दिलं नाही. तासाभरानं मिसेस लिन आपल्या मुलीला घेऊन परत आल्या. तिला एकेक खलाशी बोटानं दाखवत राहिल्या. काकूंशी मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. काकूंची तशी अपेक्षाही नव्हती.

काकूंच्या मुलानं ते चित्र आता मला दिलंय. गेल्या आठवड्यात लायब्ररीचा फोन आला, काकूंच्या आठवणीसाठी पहिले दोन कागद लावू या का? मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तिन्ही कागद आमच्या डायनिंग टेबलासमोर आहेत. जेवायला आलेला एखादा पाहुणा अस्वस्थ होतो, खुर्ची बदलायला बघतो.

मी त्याच्या पानात भात वाढते आणि म्हणते, "तिथंच बसा."