न फवारलेली बांधी

प्रयोगशाळेत सगळं माझं ऐकायचं. धानाच्या वीस कुंड्या, प्रत्येकीवर कंदिलाच्या काचेसारखी उंच नळी, आत मोजून सोडलेले, धानाचा रस शोषणारे तुडतुडे, तोंडाला मलमलीचा तुकडा. निम्म्या कुंड्यांवर कीड मारणाऱ्या बुरशीपासून केलेलं औषध फवारायचं, निम्म्या तशाच ठेवायच्या आणि आठवड्याने मेलेले तुडतुडे मोजायचे. न फवारलेलं धान करपलं की मी खूश व्हायचे. ते करपलंच नाही, तर औषधाने काय केलं हे कळणार कसं?

पण माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कुंडीत कोणीही पीक वाचवेल. शेतात करून दाखव, मग प्रबंध लिही." म्हणून दवनीवाड्याजवळच्या एका काकाजींकडे मी दोन बांध्या मागितल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. एकीत माझं औषध, शेजारच्या बांधीत काहीच नाही. "कितीही तुडतुडे लागले तरी तिला हात लावायचा नाही," असं मी तीनतीनदा बजावलं. काकाजींनी मान हलवली. होकार मिळाला म्हणून मी निर्धास्त झाले. शेतकऱ्याच्या घरात वाढून माझी अक्कल एवढीच!

दसऱ्याच्या सुमारास शेवटच्या मोजणीला गेले, तर दोन्ही बांध्या सारख्याच हिरव्यागार. काकाजी जमिनीकडे पाहू लागले. काकू मात्र सरळ म्हणाल्या, "मीच मारलं औषध. तुमचंच उरलं होतं, फेकाचं कायले? येणारेजाणारे लोकं म्हणत, एका लेकराले जेवाले देता अन् दुसऱ्याले उपाशी ठेवता का? मले पाहवलं नाई, बाई."

"काकू, माझं वर्ष गेलं हो!" मी ओरडलेच. त्या बिचकल्या, घरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप हातात देत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी धान नाई का?"

"आहे. आमगावला."

"मंग तुमची बांधी काऊन नाई ठेवली?"

उत्तर माझ्याकडे होतं. घरच्या शेतातल्या आकड्यांवर लोक संशय घेतात, असं मी कोणालाही पटवून दिलं असतं. पण खरं कारण वेगळं होतं. 'बाबा, ही बांधी मरू द्या' असं सांगायची माझी छाती नव्हती. जे बाबांना सांगता येत नव्हतं, ते मी परक्या माणसाला खुशाल सांगून आले होते. मला माझीच लाज वाटली.

सरांना फोन केला. ज्यांनी मला शेतात पाठवलं होतं तेच म्हणाले, "कुंड्यांचे आकडे आहेत ना? त्यांच्या आसपासचे शेताच्या रकान्यात भर. कोण बघायला येतंय?" पीएचडीच्या नोंदणीची मुदत एक वर्ष उरली होती. आकडे भरले तर लबाडी, नाही भरले तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर. होस्टेलच्या खोलीत मी आकड्यांची वही उघडायचे आणि मिटायचे. दोन महिने दुसरं काही केलं नाही.

शेवटी घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तलावाखालची घे. तिथं पाणी राह्यते, तुडतुडा तिथंच लागते." तलावाखालची बांधी आमच्या शेतातली सगळ्यांत चांगली. मी धुऱ्याकडची एखादी हलकी बांधी मागणार होते.

आता तर मी पुरतीच अडकले. काकूंना पाहवलं नाही, म्हणून त्यांनी औषध मारलं. बाबांनी शब्द दिला होता; ते मारणार नव्हते. पुढच्या हंगामात शेजारच्या बांधीवर माझं औषध मारलं, ही तशीच ठेवली. पाऊस सरला, उकाडा वाढला आणि हिच्यात मधोमध एक गोल चट्टा पिवळा पडला. आठवड्यात तसे पाच झाले. आई गवताला निघाली की लांबच्या धुऱ्याने जाऊ लागली. बाबा बाकीच्या बांध्या फवारून यायचे, पाठीवरचा पंप उतरवायचे आणि त्या बांधीकडे पाठ करून बसायचे.

एका सकाळी मला राहवलं नाही. "बाबा, मारून टाका औषध. मला नको ती डिग्री."

बाबा वळले नाहीत. "आता कायले? अर्धी तं गेली. तू मोज."

मी चिखलात उतरले. चूड, म्हणजे धानाचा एकेक झुबका, हलवायचा, पाण्यावर पडतील ते तुडतुडे मोजायचे, वहीत लिहायचं, पुढचा चूड धरायचा. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. एक जरी तुडतुडा मोजायचा राहिला असता, तर बाबांची बांधी फुकट गेली असती.