उंबऱ्यावरचं पाणी

मी पळसदेव सोडलं त्या सकाळी तात्यांनी मला हायवेच्या कडेला उभं राहून तीनदा एकच प्रश्न विचारला. "गाडी कितीची हाय?" तात्या म्हणजे माझे वडील. सोलापूरची एसटी कितीला येते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी विचारायचे, मी सांगायचे, ते मान हलवायचे आणि ऊस भरून चाललेल्या ट्रॅक्टरकडं बघत राहायचे. गाडी दिसली तेव्हा त्यांनी पेपरात गुंडाळलेलं खुरपं आणि मेथीच्या बियांची पुरचुंडी माझ्या बॅगेत कोंबली आणि म्हणाले, "सुजा, तितं जिमीन आसंल नसंल. आसली तर पाणी बांधाच्या आत ठिव. बाकी समदं आपसूक हुतं."

शाळेत हिंदी शिकवायला चाललेल्या मुलीला बापानं दिलेला हा उपदेश. मी हसले होते.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे गावातच राहिलात आणि दिवाळीला भेटलात की विचारता, "डोंगरात काय ठिवलंय गं?" आणि तुमच्यासाठीही, जे बारामतीच्या एमआयडीसीत, पुण्यात, कुणी दुबईत जाऊन बसलात आणि काहीच विचारत नाही. काय ठेवलंय ते सांगते. लग्नाचं तेवढं विचारू नका.

नीलगिरीच्या उतारावर माझं गाव आहे. आता मी त्याला माझं म्हणते, पण सुरुवातीची दोन वर्षं जीभ अडायची. घरं एका ओळीत, एकमेकांना चिकटून, सगळ्यांपुढं एकच लांब अंगण. वरच्या अंगाला चहा, खाली पायऱ्या पायऱ्यांची शेतं. गाजर, बीट, लसूण. प्रत्येक पायरीला दगडाची भिंत, चुन्यासिमेंटाचा थेंब नसलेली, नुसते दगड दगडाला धरून बसलेले. पहाटे दरीत धुकं भरतं आणि खालची सगळी शेतं त्यात बुडतात. निलगिरीच्या झाडांचे नुसते शेंडे वर राहतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहिला. मला वाटलं, उजनीचं पाणी माझ्या मागं मागं इथवर आलंय.

नव्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. तात्या तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं. मग गाड्या लागतात, होड्या लागतात, फोटो निघतात. त्याच पाण्याखाली, देवळापासून जरा लांब, आमची बौद्धवस्तीही आहे. तिच्यासाठी कुणी होडी लावत नाही, कारण बघायला काहीच नाही. मातीची घरं होती, ती विरघळली. दगड तेवढे उरले.

तात्या दर उन्हाळ्यात तिथं जायचे. भेगाळलेल्या गाळात पायानं चाचपत एक दगड शोधायचे, घराचा उंबरा. हातभर लांब, काळा, मधोमध खाच. त्यांची आई त्यावर विळ्याला धार लावायची, त्यानं ती खाच पडलेली. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आजीनं उंबऱ्याला हळदकुंकू लावणं सोडलं, पण रोज सकाळी धुणं सोडलं नाही. तात्यांना आईचा चेहराही आता नीट आठवत नाही. तो ओला दगड आठवतो.

माझी आई गेली आणि तात्या घरात एकटे उरले. मी एकुलती एक. इकडं या म्हणून किती विनवलं. शेवटी एकदा चिडून रडले, तेव्हा म्हणाले, "उंबरा सापडला की येतो. बोललो म्हंजी बोललो." मला वाटलं, चला, अट तर घातली. दर जूनमध्ये मी फोन करायचे. "सापडला का तात्या?" "न्हाय गं. यंदा पाणीच लई उतरलं न्हाय." नाहीतर, "यंदा गाळ लई साचलाय." मी इकडं डोंगरात बसून त्या पाण्यावर खार खायचे.

आता माझ्या मूर्खपणाकडं येते.

माझी घरमालकीण अम्मा. सत्तरीची, वाळक्या अंगाची, चढावर मला दम लागतो तेव्हा ती गाणं म्हणत पुढं जाते. तिनं घरामागची एक पायरी मला भाजीला दिली. खालच्या पायरीवर तिचा लसूण. मी खुरपं काढलं आणि तात्यांनी दाखवले होते तसे वाफे केले. चारी बाजूंनी बांध, मधे जमीन पाणसळीत सपाट. शेजारच्या सगळ्यांच्या सऱ्या एका अंगाला कलत्या होत्या. मला वाटलं, या लोकांना रान तयार करता येत नाही. इंदापूर तालुक्यातली पोरगी मी, पाण्याचा थेंब वाया गेलेला बघवत नाही. आमच्याकडं कॅनॉलच्या पाळीसाठी माणसं आठ-आठ दिवस वाट बघतात.

दिवाळीच्या सुमाराला पाऊस लागला. इथं तो परतीचा नसतो, तोच खरा असतो. माझे वाफे तुडुंब भरले. मी फोटो काढून तात्यांना पाठवला. त्यांचा फोन आला, "झ्याक. बांधाच्या आत ऱ्हायलं की झालं." चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी वह्या तपासत होते तेव्हा घरामागं धाडकन आवाज झाला. माझ्या पायरीची भिंत पोट फुटल्यासारखी फुटली होती. माती, दगड, मेथी, सगळं अम्माच्या लसणावर.

अम्मा छत्री न घेताच आली. तिनं बघितलं. एवढ्या दिवसांत मला तमिळ बरंच कळायला लागलं होतं, म्हणून तिचं वाक्य नेमकं लागलं. "पाणी साठवून ठेवलंस? कुणासाठी?" आता खोली सोडायला लागणार, असं धरूनच मी रात्रीचं जेवले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि ओळीतल्या प्रत्येक घरातून एकेक माणूस पाटी घेऊन आला. इथली रीतच आहे. भिंत पडली की आपलं काम ठेवून यायचं, कुणाची पडली ते विचारायचं नाही. दुपारपर्यंत भिंत कमरेइतकी आली. मग मला त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी इतकी वर्षं रोज बघूनही बघितली नव्हती. प्रत्येक भिंतीच्या तळाला एक फट सोडलेली असते. पाणी तिथून बाहेर पडतं. आणि फटीच्या तोंडाशी एक सपाट दगड असतो, म्हणजे पडणारं पाणी खालची माती उकरत नाही. तो दगड, जो पायरी कसतो त्यानं आपल्या घरून आणायचा. ज्याचा दगड, त्यानं दर पावसात ते तोंड साफ ठेवायचं.

"तुझा आण," अम्मा म्हणाली.

मी म्हटलं, "अम्मा, माझं इथं घर कुठंय? तुझ्याच घरात राहते मी."

"मग जिथं आहे तिथून आण." एवढं बोलून तिनं फटीशी तात्पुरतं एक फुटकं कौल लावलं आणि लसूण मोकळा करायला बसली.

म्हणजे खोली सोडायची नव्हती. पण दगड आणल्याशिवाय मी ओळीतली नव्हते. हे असं आहे बघा. मी त्या रात्री तात्यांना सगळं हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या शिकवणीनं पडली म्हनायची भित," आणि फोन ठेवला.

आठव्या दिवशी तात्या जीपमधून उतरले. स्वेटर नाही, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, थंडीनं ओठ काळे, आणि खांद्यावर बारदान. मी ते उतरवायला गेले तर मीच वाकले.

"काय आणलंय एवढं? शाळू?"

"दगूड."

सोलापुरातून रेल्वेनं, बर्थखाली ठेवून, कोइम्बतूरपर्यंत. तिथून दोन बस, एक जीप. बारदान सोडलं तर आत हातभर लांब काळा दगड, मधोमध खाच. मी त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि मग रडले, अगदी शाळेतल्या पोरांनी बघितलं असतं तर वर्गात कुणी मान दिला नसता असं.

तात्यांनी चहाही घेतला नाही. भिंतीपाशी गेले, उकिडवे बसले, फटीत हात घालून बघितलं. अम्मा आली. दोघांची एक अक्षर भाषा जुळत नाही. अम्मानं तळहात कलता धरून दाखवला, तात्यांनी आपला तसाच कलता धरला. कौल निघालं, उंबरा बसला, खाच वर. वरच्या रानात साठलेलं पाणी झिरपत आलं, खाचेत थांबलं, भरलं आणि मग उंबऱ्यावरून खाली गेलं. तात्या ते बघत किती वेळ बसले मला माहीत नाही. धुकं आलं तेव्हा मला तिथं नुसता त्यांचा टॉवेल दिसत होता.

संध्याकाळी मी चुलतभावाला, प्रवीणला, आनंदानं फोन केला. "अरे, तात्यांना उंबरा सापडला!"

"तो व्हय," प्रवीण म्हणाला. "तीन वर्सं झाली की. कॉटखाली तर ठिवला हुता. मीच आणू लागलो."

मी आत गेले. तात्या चुलीपाशी हात शेकत होते. तीन उन्हाळे मला फोनवर गाळाच्या गोष्टी सांगितलेला माणूस.

"तात्या, खोटं बोललात."

त्यांनी नाकारलं नाही. "सापडला म्हनलं आसतं तर यावं लागलं आसतं."

"आणि आता?"

"तुजी भित पडली ना." मग हाताकडं बघत, "कॉटखाली ठिवून तरी काय करायचा? त्याला सवय पाण्याची."

मला राग आला होता, तो खरा होता. तीन वर्षं मी एकटी होते आणि तेही. तो राग अजून थोडा आहे. पण त्या दिवशी मी त्यांना गरम रस्सम वाढला. "आमटी लई पातळ हाय," असं म्हणत त्यांनी तीन वाट्या प्यायल्या.

तात्या राहिले. म्हणजे राहतो असं कधी म्हणाले नाहीत, परतीची गोष्ट काढली नाही एवढंच. रान प्रवीण बघतो. आता तात्या सऱ्या कलत्या काढतात आणि अम्माला मेथीची भाजी कशी करायची ते खुणांनी शिकवतात. पाऊस आला की सगळ्यांच्या आधी फटीचं तोंड साफ करायला त्यांची काठी पोचते. ओळीतले लोक त्यांना तात्या म्हणतात, ते नाव आहे असं समजून.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघं पळसदेवला गेलो. पाणी चांगलं उतरलं होतं. देऊळ वर आलं होतं, होड्या लागल्या होत्या. तात्या काठावर उभे राहिले, गाळात उतरले नाहीत. त्यांच्या वयाचे एक आबा मासळीचं जाळं झटकत होते, त्यांनी विचारलं, "का रं, यंदा उंबरा हुडकायचा न्हाय व्हय?"

"तिकडं बसवलाय. भितीत."

"मंजी कोरडा पडला म्हन."

"न्हाय," तात्या म्हणाले. "पाण्यातच हाय. वाहत्या."

आबांना काय कळलं कुणास ठाऊक. ते पुन्हा जाळ्याकडं वळले. आम्ही हायवेला आलो, त्याच जागी, जिथं मी बॅग घेऊन उभी राहिले होते. ऊसतोड संपलेली, रस्ता मोकळा. तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं, सोलापूरच्या दिशेनं बघितलं आणि मला विचारलं, "गाडी कितीची हाय?"

या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं.