चेपून बघणारी माणसं

अण्णाकाका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं. ऐन हंगामात त्यांनी फोन करून सांगितलं, "वेबसाइटवरचा माझा फोटो मोठा कर." उरलेलं उद्या भांडू म्हणून मी फोन ठेवला... सकाळी काकूंचा फोन आला.

रत्नागिरीच्या बाजारात काकांचं आंब्याचं दुकान. पेट्या घरपोच पाठवण्यासाठी मी त्यांना वेबसाइट करून दिली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. साइटवर आलेला माणूस कुठे बोट ठेवतो, कुठे अडतो, कुठून निघून जातो, हे नंतर बघायची सोय असते. ती त्यांना दाखवली, हे तर त्याहून वाईट. दुपारची झोप सोडून ते पडद्यासमोर बसायचे आणि त्या माणसांशी बोलायचे. "अगो बाय, खाली ये. खाली आहे पेटी." ती बाई बिचारी नागपूरला, तिला काय ऐकू जाणार?

एका हंगामात लोक पेटीच्या चित्रावर टकटक बोट आपटायचे आणि निघून जायचे. मागणी अगदीच आटली. मी म्हटलं, "काका, ही माणसं वैतागलीत. चित्र दाबलं की पेटी मागवता येईल असं त्यांना वाटतंय."

"चेपून बघणारं गिऱ्हाईक घेत नाय," काका म्हणाले. "दुकानातनं घालवतो मी असल्यांना."

पडद्यावरचा आंबा कोण कसा चेपणार? पण हट्टाने त्यांनी चित्राखाली लिहायला लावलं, 'आंबे चेपू नयेत.' ते वाचून लोक आणखीच गोंधळले. इकडे दुकानात पेट्या पिकून चालल्या, तेव्हा मी त्यांना न विचारता चित्र दाबताच मागणीचं पान उघडेल असं करून टाकलं. पेट्या जायला लागल्या. काका शांतपणे म्हणाले, "बघितलंस? पाटी लागू पडली." कपाळाला हात लावायचा, दुसरं काय करणार! वर त्या दिवसापासून रोज मलाच शिकवायचे, "लोक चेपतायत नि तू बसून काय बघतेस? उघड की त्यांना काहीतरी."

आता हे बघायला मी एकटीच असते. परवा एक वैतागलेलं गिऱ्हाईक दिसलं, रत्नागिरीतलंच. आंब्यांकडे ढुंकूनही न बघता ते थेट काकांच्या फोटोवर गेलं. बोट ठेवलं, थांबलं, पुन्हा ठेवलं... दुसऱ्या दिवशी तेच. वेळ दुपारची, काकांच्या बसण्याची. मला कळलं होतं, तरी काकूंना विचारलं.

"मोठा होतो का बघत होत्ये," काकू म्हणाल्या.

मी मुकाट्याने फोटो मोठा केला, चांगला पडदाभर. घ्या काका, जिंकलात. आज दुपारी पुन्हा बघितलं, तर काकूंचं बोट त्या मोठ्या फोटोवर तसंच आपटतंय. आणि माझ्या कानात काकांचं सुरूच, लोक चेपतायत नि तू बसून काय बघतेस...

अहो काका, पण उघडू काय?